सॅटिनचा गाऊन

शिवडीच्या सिमेटरीतून फोन आला तेव्हा इनास मास्तर मशीनवर होता. त्याच्या बायकोला, फिलूला, मातीत ठेवून दोन वर्षं झाली होती. मंगळवारी सकाळी खड्डा उघडायचा, घरच्यांनी हजर राहावं, असं पलीकडचा माणूस म्हणाला. इनास "येतो" म्हणाला आणि अर्धी राहिलेली बाही पुरी करूनच उठला.

यात नवीन काही नव्हतं. मुंबईत जागा थोडी. दोन वर्षांत माती आपलं काम उरकते, मग हाडं काढून भिंतीतल्या कप्प्यात ठेवायची आणि खड्डा पुढच्या माणसाला मोकळा करायचा. इनासच्या बापाला असंच काढलं, आईलाही काढलं. त्या दिवशी घरची माणसं जमतात, खणणाऱ्याला चहा पाजतात, फादर पवित्र पाणी शिंपडतात, आणि दुपारी सगळे जेवायला घरी येतात. रडणं आधीच होऊन गेलेलं असतं.

सोमवारी त्याने हाडांसाठी मांजरपाटाची पिशवी शिवली. सगळ्यात लांब हाड मांडीचं, हे त्याला आईच्या वेळेपासून ठाऊक होतं. फिलूची मापं तर तोंडपाठच होती. त्याने वर दोन इंच सोडले, नाडी ओवली, आणि पिशवीला इस्त्रीही केली.

गिरगावातल्या त्या वाडीत त्याला सगळे मास्तर म्हणत, पण शाळेत तो सहावीच्या पुढे गेला नव्हता. टेलर म्हणून मास्तर. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या मुलींचे लग्नाचे गाऊन शिवले. फिलूचं लग्न मात्र थोरल्या जावेच्या जुन्या गाऊनवर लागलं होतं, काखेत टाके घालून. "तुला एक शिवून देतो," असं तो दर ख्रिसमसला म्हणायचा. शेवटी शिवला तो ती परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात शेवटचे दिवस मोजत होती तेव्हा. सॅटिन, वर नेट, आत टॅफेटाचं अस्तर, पाठीला मोत्यांची बटणं. सगळीकडे दुहेरी शिलाई. तो गाऊन घालूनच ती मातीत गेली.

मंगळवारी फिलूच्या भावाची मुलगी प्रिती त्याच्याबरोबर आली. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा दुसरा आठवडा, मार्चचं ऊन. खणायला कुशाबा होता. त्याचा आजा कोकणातून गिरणीत आला, गिरणी बंद पडल्यावर बापाने हे काम धरलं, आणि मग त्याने. बनियन पाठीला चिकटलेलं, कमरेला टॉवेल. दर दहा फावड्यांनी तो घाम निपटायचा.

छातीइतका खाली गेल्यावर फावड्याचा आवाज बदलला. कुशाबा वाकला, हाताने माती सारली आणि तसाच थांबला.

"काका, पोरीला जरा मागं न्या."

"काय झालं?"

"नाय गेल्या अजून."

इनास काठावर गुडघे टेकून वाकला. पेटीचं झाकण दबून फुटलं होतं. खाली सॅटिन दिसत होतं, चहा सांडल्यासारखं पिवळट, पण अख्खं. खांद्याच्या चुण्या त्याने घातल्या तशाच होत्या. तोंडावर नेट होती. नेटखाली काय होतं ते त्याने एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

"कपडा कसला व्हता?" कुशाबाने विचारलं.

"सॅटिन."

"आत अस्तर? हातमोजे, पायमोजे?"

"हो."

"म्हंजे सगळं पॉलिस्टर. पेटीलाबी आतनं प्लास्टिक. मातीनं आत शिरायचं कुठनं?" कुशाबा रागावला नव्हता. "बाहेर बोर्ड लावलाय काका, सुती कपडाच घाला म्हणून."

बोर्ड इनासने तेव्हाच वाचला होता. वाचून पुढे गेला होता. माझी बायको मांजरपाटात जाणार नाही, असं त्याला वाटलं होतं.

"आता काय करायचं?"

"कपडा काढून, साध्या सुतीत गुंडाळून परत माती घालायची. सहा महिन्यांत मोकळं. आमी करतो, तुमी फाटकाशी थांबा. नायतर बंद करून ठेवा, पण मग किती वर्षं ते इचारू नका. खड्ड्याला मानसं थांबलेत."

"बंद कर," इनास म्हणाला.

"सोमवारपर्यंत वरवर झाकून ठेवतो. काय ते सांगा."

प्रिती मागे झाडाखाली उभी होती. तिला फक्त पांढरं काहीतरी दिसलं होतं. तिने क्रुसाची खूण केली. "अंकल, आंटी तशीच आहे?"

इनासच्या हातात रिकामी पिशवी होती. "तशीच आहे," तो म्हणाला.

खोटं तो बोलला नव्हता. पण कुशाबा जे बोलला ते त्याने सांगितलं नाही, आणि टॅक्सीत बसल्याबरोबर प्रितीने आग्नेसबाईला फोन लावला.

आग्नेसबाई म्हणजे वाडीचं अर्धं चर्च. वाडीच्या तोंडाशी प्लेगच्या वेळचा क्रूस आहे. त्याला हार घालणं, संध्याकाळी माळेची प्रार्थना सांगणं, कोण आला नाही ते बघणं, सगळं तिच्याकडे. इनास पोचला तेव्हा ती दारातच उभी होती.

"मास्तर! अहो तोंड काय पाडून आलात? आपल्या वाडीत संतीण झाली!"

"आग्नेसबाई, असं काही..."

"जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये आपल्या सायबाचं, त्या संताचं शरीर चारशे वर्षं तसंच आहे. कशामुळे आहे? सांगा ना. जिने इतकं भोगलं आणि तोंडातून उसासा काढला नाही, तिला माती कशी हात लावेल?"

उसासा काढला नाही, हे तिला इनासनेच सांगितलं होतं. मयताच्या दिवशी जो येईल त्याला तो म्हणत होता, "शांत गेली हो. हूं नाही की चूं नाही." सगळेच तसं म्हणतात.

तो आत गेला, मशीनवर बसला आणि काही शिवलं नाही. दोन वर्षं तो क्रुसाखाली उभा राहून एकच विचारत होता. अकरा महिने तिला जे झालं, ते कशासाठी? फादर म्हणाले होते, ख्रिस्ताच्या दुःखात आपलं दुःख मिसळायचं. इनासने मान हलवली होती, पण कसं मिसळायचं ते त्याला कळलं नव्हतं. आता लोक आपणहून उत्तर घेऊन आले होते. फिलू संत होती, म्हणून. इतकं साधं. पॉलिस्टर हा शब्द त्याच्या जिभेवर होता आणि त्याने तो गिळून टाकला.

बुधवारी दारात मेणबत्त्या लागल्या. पलीकडच्या वाडीतल्या बायका आल्या, उंबऱ्याला हात लावून गेल्या. आपल्या नवऱ्याला कधी 'अहो' न म्हणणारी बाईसुद्धा इनासला 'अहो मास्तर' म्हणाली.

गुरुवारी वरच्या मजल्यावरची मेघना आली. तिचा नवरा विनीत टॅक्सी चालवायचा. तंबाखूने त्याचा जबडा खाल्ला, परळला अर्धा काढला, आणि आता रोज ड्रेसिंग होतं. मेघना दाराच्या कडेला उभी राहिली, आत आली नाही.

"काका, मी तुमच्यातली नाही. मागू की नको?"

"माग की."

"मावशींच्या गाऊनचा तुकडा उरलाय का? एवढासा."

उरला होता. चिंध्यांच्या पेटीत तळाला होता. इनासने दोन बोटं रुंदीची पट्टी कापली. कडा सुटतील म्हणून चारी बाजू दुमडून शिवून दिल्या. तिने पट्टी डोळ्यांना लावली आणि जिना चढून गेली. 

शुक्रवारी दुपारी ती परत आली. या वेळी सरळ आत आली.

"काका, वर याल? तुमचं ऐकेल तो. मला शिव्या घालतोय."

विनीत भिंतीला टेकून बसला होता. गळ्याभोवती पट्टी, नाकात नळी, मनगटाला सॅटिन. उशीचा कोपरा चावून ओला झाला होता. अर्धे शब्द त्याच्या तोंडात अडकत आणि ते मेघना पुरे करी.

"हिला सांगा," विनीत म्हणाला. "माझ्या तोंडावर हात ठेवते."

"मग काय करू? अख्खी वाडी ऐकते. मी फक्त म्हटलं, मावशींचं नाव घे, त्यांनी कसं सोसलं बघ. तर म्हणतो..."

"मावशी देवमाणूस," विनीत म्हणाला. "मला नाय जमत. मी ओरडतो. आता ओरडायची पण लाज वाटते काका." त्याने मनगट उचललं. "हे बांधल्यापासून जास्त."

इनासने ती पट्टी पाहिली. कडेचा टाका सरळ होता, आपल्या हाताचा. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

मग त्याने शर्टाची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात विनीतसमोर धरला. कोपराच्या खाली पांढरा पडलेला व्रण होता, अर्धगोल.

"हे काय आहे?"

"काय?"

"फिलूने चावलं. रक्त निघालं होतं. नर्सने मला टिटॅनसचं इंजेक्शन दिलं."

मेघनाने वाकून तो व्रण पाहिला.

"ती गप्प गेली नाही. सगळ्यांना मी सांगितलं, ते खोटं. ती इतकी ओरडायची की खालच्या मजल्यावरून माणसं बघायला यायची. मला शिव्या दिल्या. माझ्या मेलेल्या आईला दिल्या. फादर आले तर म्हणाली, आधी याला बाहेर काढा."

"फादरला?" विनीतचे डोळे बारीक झाले. छाती हलायला लागली. "काका, हसवू नका ना... टाके ओढतात..."

"आणि ते शरीर तसंच आहे ना, ते या कापडामुळे. पॉलिस्टर कुजत नाही, इतकंच. टेलर आहे मी, मला तिथेच कळलं. बोललो नाही."

मेघना खाली बसली. "मग मला का दिलंत, काका?" तिचा आवाज बारीक होता.  ती रडली नाही. फक्त पुढे होऊन तिने विनीतच्या मनगटाची गाठ सोडली आणि पट्टी इनासच्या मांडीवर ठेवली.

इनास खाली मान घालून बोलत राहिला. "बाजूच्या खाटेवर जालन्याकडची एक लक्ष्मी म्हणून बाई होती. तिला यायला कोणी नव्हतं. दोन खाटांच्या मधून त्या दोघी हात धरायच्या. ती ओरडायला लागली की फिलू माळ सुरू करायची. फिलू ओरडायला लागली की ती आपल्या देवीचं नाव घ्यायची. मी मध्ये उभा राहून दोघींना शू शू करायचो. एकदा फिलू मला म्हणाली, 'इनास, क्रुसावर तो पण ओरडला. मोठ्यांदा ओरडला, माझ्या देवा मला का सोडलंस म्हणून. त्याला कोणी शू केलं नाही. आई खाली उभी राहिली, बस. तू पण नुसता उभा राहा ना.' मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलते."

तेवढ्यात विनीतला कळ आली. आधी त्याचे पाय ताठ झाले, मग मान. मेघनाचा हात सवयीने त्याच्या तोंडाकडे गेला. इनासने तो हात धरला.

"ओरडू दे."

विनीत ओरडला. खिडकीतली कबुतरं उडाली. समोरच्या गॅलरीत कोणीतरी बाहेर येऊन उभं राहिलं. त्याने इनासचा पंजा असा आवळला की टेलरच्या बोटांची हाडं एकमेकांवर आली. इनास काही बोलला नाही. प्रार्थनाही म्हणाला नाही. मेघनाने दुसरा हात धरला होता. औषध चढायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तिघं तसेच होते, आणि इनासला वाटलं की खाटेवर आपण फक्त विनीतला धरलेलं नाही. अकरा महिने ज्या बाईला गप्प करत बसलो, तिच्याजवळ आपण आज पोचलो.

इनास जिना उतरायला लागला तेव्हा मेघना म्हणाली, "खाली सांगणार का?"

"सांगायला पाहिजे."

"आग्नेसबाई खातील तुम्हाला."

"खाऊ दे."

उपवासकाळातल्या दर शुक्रवारी संध्याकाळी वाडीत क्रुसाची वाट असते, येशूच्या शेवटच्या वाटेवरची चौदा स्थानं. चौदा दारांवर कागदाचे क्रूस चिकटवतात, सगळे दारोदार फिरतात, आणि ज्याचं दार तो आपलं स्थान वाचतो. येशूची वस्त्रं उतरवतात ते दहावं स्थान वर्षानुवर्षं इनासच्या दाराला होतं. कपड्याचं म्हणून टेलरला, ही वाडीतली जुनी थट्टा. त्या दिवशी गर्दी तिप्पट होती.

इनासने कागद धरला. पहिली ओळ वाचली. मग कागद खाली केला.

"मला एक सांगायचंय. फिलूचं शरीर राहिलं ते मी तिला पॉलिस्टर घातलं म्हणून. चमत्कार नाही. आणि ती गप्प गेली नाही. ओरडत गेली. मी लाजेने खोटं बोललो."

मेणबत्त्यांचं मेण कागदाच्या द्रोणात टपटपत होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "पॉलिस्टरची संतीण," आणि दोघं तिघं हसले. आग्नेसबाईचा चेहरा पांढरा पडला होता. तीन दिवसांत तिने बिशपच्या ऑफिसातसुद्धा फोन केला होता.

"वाचा पुढे, मास्तर," ती म्हणाली. "लोक उभे आहेत."

त्याने वाचलं. अकराव्या दाराकडे जाताना त्याच्या शेजारून कोणी चाललं नाही. घरी येऊन त्याने आपणच दारातल्या मेणबत्त्यांचं सुकलेलं मेण चाकूने खरवडून काढलं. त्या कामाला एक तास लागला.

सोमवारी तो शिवडीला पोचला तेव्हा कुशाबाने माती वर काढून ठेवली होती.

"तुमी फाटकाशी बसा काका."

"मी उतरतो."

"अवो, हे बघायचं काम नाय."

"माझी शिलाई आहे कुशाबा. कुठून उसवायची ते तुला सापडणार नाही."

कुशाबाने त्याच्याकडे पाहिलं, मग कापूर टाकलेला रुमाल त्याच्या तोंडाला बांधला आणि हाताला धरून खाली घेतला. इनासचे गुडघे वाजले. खाली गार होतं. त्याने नेट बाजूला केली नाही. पाठीच्या बटणांपर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून त्याने काखेतून सुरुवात केली. आधी उसवून पाहिलं. धागा तुटेना. एक ओळ सुटली तर खाली दुसरी होती. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाकडून कधी तक्रार आली नव्हती, अशी शिलाई. मग त्याने मोठी कात्री घेतली. काखेतून कमरेपर्यंत, कमरेपासून खाली. अस्तर वेगळं कापावं लागलं. हातमोजे काढताना त्याला थांबावं लागलं. कुशाबा पलीकडून आधार देत होता आणि दुसरीकडे बघत होता.

"झालं काका. जरासंच राहिलं."

तेव्हा इनास ओरडला. मयताच्या दिवशी तो ओरडला नव्हता, नंतरही नाही. आवाज खड्ड्याच्या चारी भिंतींना लागून वर गेला. दूर कोणाच्या तरी कबरीवर फुलं ठेवणारी माणसं वळून बघायला लागली. आपण कुठे आहोत हे त्याला कळत होतं आणि तरी तो थांबला नाही. कुशाबाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. शू म्हणाला नाही.

वरून माळेचा आवाज आला. नमो मारिये. बाईचा, जाडसर. इनासने वर पाहिलं. काठावर आग्नेसबाई उभी होती, उन्हाने डोळे मिचकावत. तिच्या बाजूला मेघना होती; आज कपडा बदलायचा हे त्याने फक्त तिलाच सांगितलं होतं. मेघनाचेही ओठ हलत होते, शब्द येत नव्हते तिथे ती थांबत होती आणि पुन्हा धरत होती.

"बघता काय नुसते?" आग्नेसबाईने माळ मध्येच थांबवली. हातातलं बोचकं तिने खाली सोडलं. "घ्या. माझ्या आईचं लुगडं आहे. सुती. धुऊन धुऊन मऊ झालंय."

"आग्नेसबाई..."

"तुमच्यावर राग आहेच माझा. तो राहू दे. तिला उघडी ठेवू नका."

लाल चौकटीचं लुगडं होतं. इनासने आणि कुशाबाने मिळून तिला त्यात घेतलं. शिवायचं काही नव्हतं. त्याने फक्त टोकं खाली खोचली, झोपलेल्या माणसाला पांघरूण घालताना खोचतात तशी. पेटीच्या फळ्या आणि प्लास्टिक कुशाबाने वर फेकलं.

त्याला वर घ्यायला एका बाजूने मेघनाने हात दिला, दुसऱ्या बाजूने आग्नेसबाईने. वर आल्यावर तो मातीच्या ढिगावरच बसला. कुशाबाने फावडं घेतलं आणि पहिली माती अगदी जपून, कडेकडेने सोडली, अंगावर पडू नये अशी.

"तशी नको," इनास म्हणाला. "वरून घाल. भरपूर घाल. माती लागू दे आता तिला."